हात लपवायचा नाही

आपल्या गावात, आपल्या आळीत एखादा तरी मुलगा किंवा मुलगी अशी असते, की जिचा एक हात दुसऱ्यासारखा चालत नाही. हात असतो. बोटेही असतात. पण तो हात खांद्यातून आत वळलेला असतो. तो पुरता वर जात नाही. दुसऱ्या हातापेक्षा थोडा आखूड आणि बारीक दिसतो. लोक म्हणतात, "हात लुळा आहे." कोणी म्हणते, "ग्रहण लागलं." कोणी म्हणते, "आईनंच पोटुशी असताना काही तरी केलं असेल."

यांतले एकही खरे नाही. हा हात जन्माच्या वेळी दुखावलेला असतो. तो कसा दुखावतो? अशा मुलांचा दिवस कसा जातो? आणि तेरा ते एकोणीस या वयात त्यांच्या मनात काय चालते? हे आपण या पाठात वाचू.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी हा पाठ वाचावाच. ज्यांच्या घरी नाही, त्यांनीही वाचावा. कारण त्या मुलाकडे टक लावून पाहणारे आणि त्याला 'बिचारा' म्हणणारे आपणच असतो.

हात कसा दुखावतो?

आपल्या मानेच्या मणक्यांतून दर बाजूला पाच मोठ्या नसा हाताकडे निघतात. या रक्ताच्या नसा नव्हेत. मेंदूचा हुकूम हातापर्यंत नेणाऱ्या या नसा आहेत. डॉक्टर त्यांना मज्जातंतू म्हणतात. मान आणि खांदा यांच्या मध्ये या नसांचे जाळे होते. त्या जाळ्यातून खांदा, दंड, मनगट आणि बोटे यांना नसा जातात.

घरातल्या विजेच्या तारेसारखेच हे आहे. दिवा चांगला असला, तरी तार तुटली तर दिवा लागत नाही. तसेच हात चांगला असला, तरी नस दुखावली तर हात हलत नाही.

बाळंतपणात कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो. बाळ मोठे असले, की असे होण्याचा संभव जास्त असतो. त्या वेळी हाताशी फार थोडी मिनिटे असतात. बाळ लवकर बाहेर आले नाही, तर त्याच्या जिवाला धोका असतो. या धडपडीत बाळाची मान एका बाजूला ताणली जाते आणि नसा दुखावतात. कधी त्या नुसत्या ताणल्या जातात, कधी तुटतात. हजार बाळंतपणांत साधारण एखाद-दुसऱ्या बाळाला असे होते.

विल्हेल्म एर्ब नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली या दुखण्याचे नीट वर्णन केले. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'एर्ब्स पाल्सी' असे नाव लिहिलेले असते.

बऱ्याच बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. पण नस फार सावकाश वाढते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. बाळ तीन महिन्यांचे झाले, तरी कोपर वाकवत नसेल, तर वाट पाहू नये. त्याला मोठ्या दवाखान्यात न्यावे. नसांची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच केली, तर तिचा जास्त उपयोग होतो. नव्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

काही मुलांचा हात मात्र पुरता सुधारत नाही. ती मुले तशीच मोठी होतात. हा पाठ त्यांच्याबद्दल आहे.

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करू. ग्रहणाचा या हाताशी काही संबंध नाही. यात आईचा काही अपराध नाही. आणि हे दुखणे आईबापांकडून मुलांना जात नाही. अशा मुलीचे लग्न झाले, तर तिचा हात असा आहे म्हणून तिच्या मुलांचाही तसाच होईल, असे मुळीच नाही.

शालनचा दिवस

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. तिला आपण शालन म्हणू. तिच्यासारख्या मुली खूप आहेत. ती चौदा वर्षांची आहे. नववीत शिकते. तिचा उजवा हात जन्मापासून असा आहे.

सकाळी शाळेची घाई असते. शाळेत दोन वेण्या घालून यावे लागते. शालनचा उजवा हात डोक्यामागे जात नाही. म्हणून आई तिची वेणी घालते. शालनला हे आवडत नाही. तिची धाकटी बहीण दहा वर्षांची आहे. ती आपली वेणी आपण घालते.

मग कपडे. उजवा हात बाहीत घालायला वेळ लागतो. पाठीमागची बटणे लागत नाहीत. तीही आई लावते.

शाळेत प्रार्थना होते. सगळ्यांचे हात जुळतात. शालनचे तळवे नीट जुळत नाहीत. ती मागच्या रांगेत उभी राहते. कवायतीच्या तासाला गुरुजी म्हणतात, "तू बस." त्यांचा हेतू चांगला असतो. पण मैदानाच्या कडेला एकटे बसून राहणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

शालन डाव्या हाताने लिहिते. बाकावर तिच्या डाव्या बाजूला मैत्रीण असते. लिहिताना कोपराला कोपर लागते. मैत्रीण कुरकुर करते. शालन अंग चोरून लिहिते.

दुपारी डबा खायचा. शालन डाव्या हाताने जेवते. उजव्या हाताने जेवायचे म्हटले, तर घास तोंडाशी नेताना तिचे कोपर पंख उचलल्यासारखे बाजूला वर जाते. ते पाहून मुले हसतात. लग्नाच्या पंगतीत तर ती बसतच नाही. "भूक नाही," म्हणते. एकदा देवळात तिने प्रसादाला डावा हात पुढे केला. शेजारची बाई म्हणाली, "अगं, डावा हात काय करतेस?" शालन काही बोलली नाही. पण तेव्हापासून ती देवळात गेली नाही.

घरी आल्यावर आई म्हणते, "तू बस. तुला जमायचं नाही." भाकरी आई करते. भांडी बहीण घासते. पाणी भाऊ भरतो. शालन बसून राहते.

उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे कपडे घालते. मैत्रिणी मोबाईलवर फोटो काढतात, तेव्हा ती कोणाच्या तरी मागे उभी राहते आणि उजवा हात ओढणीत झाकून घेते.

मुलगा असला, तर त्याची तऱ्हा थोडी वेगळी. त्याला कबड्डीत कोणी घेत नाही. सायकलवर एका हाताचा ब्रेक दाबता येत नाही. बाप शेतावर नेत नाही. म्हणतो, "तुझ्याच्यानं काय व्हायचं?" मुलगा हसून ऐकतो. पण ते वाक्य त्याच्या मनात राहते.

मनात काय चालते?

लहान मूल हाताकडे फारसे पाहत नाही. त्याला खेळायचे असते. ते दातांनी, पायांनी, कसेही करून खेळते. तेरा-चौदा वर्षांचे झाले, की मूल आरशात पाहू लागते. दुसरे आपल्याला पाहतात, हे त्याला कळू लागते. त्याच वयात अंग झपाट्याने वाढते. हाडे वाढतात. दुखावलेल्या हाताचे स्नायू तेवढे वाढत नाहीत. दोन हातांतला फरक जास्त दिसू लागतो. खांदा आणि कोपर आखडू लागतात. कधी खांदा दुखतो. सगळे काम एकाच हाताने करून तो चांगला हातही थकतो.

मग मूल मनाशी बोलू लागते. "मी घरावर ओझं आहे का? मला काम कोण देईल? माझं लग्न होईल का? सगळे माझ्या हाताकडेच का पाहतात?"

हे प्रश्न ते मोठ्याने विचारत नाही. चिडचिड करते. गप्प बसते. शाळा चुकवते. घरचे म्हणतात, "हिला झालंय काय?"

टिंगल करणाऱ्याचा राग येतो. तो कोणालाही येईल. पण कीव करणाऱ्याचा रागही काढता येत नाही. आई प्रेमाने सगळे करून देते. तिला काय बोलणार? पण दर वेळी आईने बटण लावले, की मुलीला वाटते, "मला काहीच येत नाही."

राजवाड्यातला एक मुलगा

आपल्याला वाटते, पैसा असता तर सगळे ठीक झाले असते. म्हणून एका राजपुत्राची हकीकत वाचू. ही हकीकत घडलेली आहे.

२७ जानेवारी १८५९ या दिवशी जर्मनीतल्या बर्लिन शहरात एका राजपुत्राचा जन्म झाला. त्याचे नाव विल्हेल्म. त्याची आई म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. मूल पायाळू होते. बाळंतपण फार अवघड झाले. मूल वाचले, पण त्याचा डावा हात दुखावला. पुढे तो हात उजव्या हातापेक्षा सुमारे सहा इंच आखूड राहिला.

राजवाड्यात वैद्य-डॉक्टरांना तोटा नव्हता. त्यांनी नाना उपाय केले. नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात बाळाचा हात ठेवला. हाताला विजेचे झटके दिले. दुखऱ्या हाताने काम करावे म्हणून चांगला हात बांधून ठेवला. कशानेही गुण आला नाही. मुलाचे हाल मात्र झाले.

राजपुत्राला घोड्यावर बसता आलेच पाहिजे, असा शिक्षकाचा हट्ट. एका हाताने तोल सावरेना. मुलगा पडायचा. रडायचा. शिक्षक त्याला पुन्हा वर बसवायचा. तो पुन्हा पडायचा. असे कित्येक दिवस चालले. शेवटी तो घोड्यावर बसायला शिकला. पुढे चांगला घोडेस्वार झाला. बंदूकही चालवायला शिकला. जेवायला त्याच्यासाठी काटा आणि सुरी एकत्र केलेले खास हत्यार होते.

१८८८ साली तो जर्मनीचा बादशहा झाला. त्याचे फोटो आजही पाहायला मिळतात. त्यांत बहुधा त्याचा डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकवलेला असतो. नाही तर त्या हातात हातमोजे धरलेले असतात. हात आखूड आहे, हे कोणाला दिसू नये म्हणून ही सगळी तजवीज.

एवढा मोठा बादशहा! त्याला हसण्याची कोणाची छाती होती? तरी त्याने हात जन्मभर लपवला. घोड्यावर बसण्याइतका तो वाकबगार झाला, पण हाताची लाज गेली नाही. का? लहानपणी घरात त्या हाताबद्दल सगळ्यांना फक्त दुःख आणि लाज वाटत होती. हात बरा झालाच पाहिजे, नाही तर दिसता कामा नये, एवढेच त्याला शिकवले गेले. "तुझा हात असा आहे, आणि तू आमचा आहेस," असे म्हणणे त्या राजवाड्यात कोणाला सुचले नाही.

त्याला पैसा लागत नाही. ते आपल्या घरात होऊ शकते.

बाई आणि आई

शालनच्या गोष्टीकडे परत येऊ. समजा, तिच्या वर्गाच्या बाई एक दिवस घरी आल्या. शालनची आई अंगणात धान्य निवडत होती.

बाई म्हणाल्या, "शालन हल्ली वर्गात बोलत नाही. उत्तर येत असलं, तरी हात वर करत नाही."

आई म्हणाली, "काय करणार, बाई? देवानं तिला तसं केलं. मी तिला काडीचं काम सांगत नाही. जमेल तितकी फुलासारखी जपते."

"ते दिसतंच आहे. पण तिला कधी विचारलंत का, तुला काय करून बघायचं आहे?"

"विचारायचं काय? तिला जमत नाही, हे दिसतंय की!"

"एका हातानं जमत नाही, की आपण करतो तसं जमत नाही? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ताई."

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाई, खरं सांगू? ती काही करायला लागली, की तिचा हात बघून माझ्याच पोटात कालवतं. म्हणून मीच पुढं होते."

बाई म्हणाल्या, "तेच तिला कळतं. तुमचं तोंड बघून तिला वाटतं, माझा हात बघण्यासारखा नाही. पंगतीतल्या लोकांचं ती कधी तरी विसरेल. आईच्या तोंडावरचं नाही विसरणार."

शालन दाराआड उभी होती. ती बाहेर आली. म्हणाली, "आई, मला भाकरी करून बघायचीय."

आई उठायला गेली. बाईंनी तिला खुणेने बसवले. पहिली भाकरी फाटली. दुसरी जाड झाली. तिसरीही काही गोल नव्हती. आजी आतून म्हणाली, "डाव्या हातानं थापली का गं?" शालन म्हणाली, "हो आजी, डाव्याच हातानं. माझा तोच चालतो." आजी क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, वाढ."

हाताच्या युक्त्या

दोन हातांनी करायचे काम एका हाताने करायचे, तर रीत बदलावी लागते. काही रीती पुढे दिल्या आहेत.

१. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा. काढताना तो शेवटी काढावा. नाडीऐवजी इलॅस्टिक लावावे. आतले कपडे पुढून लावायचे घ्यावेत.

२. वेणी घालताना केस पुढे खांद्यावर घ्यावेत. मग हात डोक्यामागे न्यावा लागत नाही. केस आखूड ठेवायचे असतील, तर शाळेला तसे सांगावे.

३. परात किंवा पोळपाट यांच्याखाली ओले फडके ठेवावे. ते सरकत नाहीत. दुखरा हात दाबून धरायला वापरावा. त्याला अगदीच रजा देऊ नये.

४. काही मुलांना दुखऱ्या हाताला चटका किंवा टोचणे कमी जाणवते. म्हणून चुलीजवळ, गरम तव्याजवळ आणि विळीवर जपून काम करावे.

५. डाव्या हाताने लिहिणाऱ्याने बाकाच्या डाव्या टोकाला बसावे. म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. एवढ्या साध्या बदलाने शालनच्या मैत्रिणीची कुरकुर थांबते.

६. सायकलवाल्याला सांगून ब्रेक चांगल्या हाताच्या बाजूला बसवून घ्यावेत. आधी मोकळ्या मैदानात चालवून पाहावे.

७. दप्तर एका खांद्यावर लटकवू नये. दोन्ही खांद्यांवर किंवा तिरके अडकवावे.

याहून चांगल्या युक्त्या मूल स्वतः शोधते. त्याला वेळ मात्र द्यावा. बटण लावायला पाच मिनिटे लागली, तर लागू द्यावीत. मदत हवी का, असे आधी विचारावे. "नको" म्हणाले, तर हात मागे घ्यावा. "हवी" म्हणाले, तर तेवढीच करावी.

व्यायाम आणि दवाखाना

चौदाव्या वर्षी तेल चोळून नस पुन्हा जोडली जात नाही. "हात पूर्ववत करून देतो," असे सांगून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण काहीच करता येत नाही, असेही नाही.

सांधे आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम करावा. उताणे पडून दोन्ही हातांत काठी धरावी आणि ती सावकाश डोक्याकडे न्यावी. कोपर कुशीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवावा. असे व्यायाम फिजिओथेरपी करणारे नीट दाखवतात. ते शिकून मग घरी करावेत. दुसऱ्याने हात जोराने ओढू नये. अंग वाढण्याच्या वयात हे व्यायाम सोडू नयेत. पोहणे आणि खेळणे हाही व्यायामच आहे.

मोठ्या मुलांसाठीही काही शस्त्रक्रिया असतात. एका जागचा चांगला स्नायू दुसरीकडे जोडतात, किंवा हाडाचे वळण बदलतात. त्याने हात वर नेणे किंवा बाहेर वळवणे सोपे होऊ शकते. हात अगदी दुसऱ्यासारखा होत नाही. करायची की नाही, हे डॉक्टर, आईबाप आणि मूल यांनी मिळून ठरवावे. हात मुलाचा आहे. त्यालाही विचारावे.

कुठे जायचे? २०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. तपासायला डॉक्टर आले, की मुलाचा हात लपवू नका, दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही चौकशी करावी. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ती १९५५ साली सुरू झाली. हातापायांनी अधू असलेल्या माणसांना पुन्हा आपल्या कामाला लावणे, हेच तिचे काम.

आईसाठी एक सूचना. पहिल्या बाळंतपणात असे झाले असेल, तर पुढच्या वेळी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. बाळंतपण दवाखान्यातच करावे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व सांगितले आहे. सरकारी दवाखान्यात हात तपासून किती टक्के अपंगत्व आहे, याचा दाखला मिळतो. त्यासाठी मोबाईलवरून किंवा संगणकावरून अर्ज करता येतो. पुढे एक ओळखपत्रही मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असले, तर सरकारी नोकरीत आणि उच्च शिक्षणात राखीव जागा असतात. दाखला असला, की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच मुख्याध्यापकांना भेटावे.

काही मुले म्हणतात, "दाखला नको. माझ्या नावापुढे अपंग लागेल." त्यांना रागावू नका. दाखला हाताबद्दल आहे. तो माणसाची किंमत सांगत नाही. तो घ्यायचा आणि वापरायचा, की पेटीत ठेवायचा, हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

चारचौघांत अपंग माणसाचा मुद्दाम अपमान केला, तर या कायद्याने शिक्षा होऊ शकते. चिडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मनीषा नावाची खेळाडू

तामिळनाडूत २००५ साली मनीषा रामदास या मुलीचा जन्म झाला. जन्माच्या वेळी तिचा उजवा हात असाच दुखावला. ती बॅडमिंटन खेळू लागली. २०२२ साली, सतराव्या वर्षी, अपंग खेळाडूंच्या बॅडमिंटनमध्ये ती आपल्या गटात जगज्जेती झाली. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिक स्पर्धेत तिने भारतासाठी कांस्यपदक मिळवले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण सांगून झाल्यावर "मग तू का नाही करत?" असे म्हणू नका. सगळ्यांना पदके मिळत नाहीत. दोन्ही हात धड असणाऱ्यांनाही मिळत नाहीत. मनीषाच्या गोष्टीत आपल्या कामाचे एवढेच, की ती हजारो लोकांसमोर मैदानात उतरली. तिचा हात सगळ्यांनी पाहिला. मग लोक तिचा खेळ पाहू लागले.

आपण काय करायचे?

मुलाने हाताबद्दल विचारले, तर खरे सांगावे. "जन्मताना तुझ्या हाताच्या नसा दुखावल्या." एवढे एक वाक्य त्याला पाठ असले, की कोणी विचारल्यावर ते मान खाली घालत नाही. सांगते आणि पुढे जाते.

शिक्षकांनी त्याला कवायतीतून उठवू नये. जमेल तेवढे करू द्यावे. शेजाऱ्यांनी टक लावून पाहू नये. प्रसाद देणाऱ्याने पुढे आलेल्या हातावर प्रसाद ठेवावा. तो कोणता हात आहे, हे देव पाहत नाही. पंगतीत वाढणाऱ्याने शालनच्या पानावर वाढावे आणि पुढच्या पानाकडे जावे.

घरच्यांनी फोटो काढताना मुलाला मागे उभे करू नये. हात झाक, असे सांगू नये. मूल हात लपवायला घरातच शिकते. न लपवायलाही ते घरातच शिकेल.

वाचून झाल्यावर सांगा

१. जन्माच्या वेळी हात कसा दुखावतो?
२. विल्हेल्म बादशहा झाला, तरी हात का लपवत होता?
३. शालनची आई तिला काम का करू देत नव्हती? तुम्ही तिला काय सांगाल?
४. तुमच्या ओळखीत असे मूल आहे का? त्याला पुढच्या वेळी भेटाल, तेव्हा काय बोलाल?
५. एक दिवस फक्त डाव्या हाताने जेवून आणि शर्टाची बटणे लावून पाहा. काय वाटले, ते वर्गात सांगा.